सेंट पॉल्सचे वर्गमित्र: लंडनच्या ५०० वर्षांच्या शाळेतली मुलं पुढे कुठे कुठे भेटली

अक्षरवेल्हाळ (धागाकर्ता)

मंडळी, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून कवी मिल्टन, रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस, खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले, फील्ड मार्शल माँटगोमेरी आणि आपले श्री अरविंद बाहेर पडले, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अशी यादी दोन मिनिटांत वाचून होते आणि विसरूनही जाते. मला या शाळेत जीव गुंतावा असं काही सापडलं ते वर्गमित्रांच्या गोष्टींत. कोण कोणाला पुढे भेटलं, कोणी कोणासाठी खिशात हात घातला, कोणाला जुना मित्र दिसला की घाम फुटायचा. त्या गोष्टी इथे गोळा करू या. तुमच्याकडे असतील त्याही लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन जॉन कोलेट यांनी १५०९ साली ही शाळा काढली. वडील मोठे कापड व्यापारी, लंडनचे लॉर्ड मेयर. २२ भावंडांत हे एकटेच जगले, त्यामुळे सगळी मालमत्ता यांच्याकडे आली आणि ती त्यांनी शाळेत घातली. कारभार चर्चच्या हाती न देता मर्सर्स कंपनी या व्यापाऱ्यांच्या संघाकडे सोपवला. स्वतः धर्मगुरू असलेल्या माणसाला संसारी व्यापारी जास्त भरवशाचे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांची संख्या ठरली १५३, बायबलमधल्या कथेत जाळ्यात सापडलेल्या माशांइतकी. तिथले शिष्यवृत्तीधारक आजही चांदीचा छोटा मासा लावतात.

फी नव्हती. प्रवेशाच्या वेळी नाव लिहायचे चार पेनी द्यायचे, तेही शाळा झाडणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला मिळायचे. सकाळी ७ ते ११ आणि दुपारी १ ते ५ शाळा. हिवाळ्यात मेणबत्ती घरून आणायची, आणि ती मेणाचीच हवी, चरबीची चालणार नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. हा नियम वाचला आणि सात वाजता अंधारात हातात मेणबत्ती घेऊन निघालेली पोरं डोळ्यांसमोर उभी राहिली.

फी नसल्यामुळे तिथे कुणाची मुलं आली पाहा. मिल्टनचे वडील दस्तऐवज लिहून देणारे. पेपिसचे वडील शिंपी. हॅलेचे वडील साबणाचे कारखानदार.

आता पेपिसची गोष्ट. जानेवारी १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला तेव्हा पेपिस १५ वर्षांचा होता, सेंट पॉल्समध्येच शिकत होता. तो व्हाइटहॉलला जाऊन ती शिक्षा बघून आला. त्या वयात तो कट्टर राजविरोधी. या राजावर प्रवचन द्यायची वेळ आली तर 'दुष्टांची आठवणही कुजून जाईल' हेच वचन घेईन, असं तो तेव्हा बोलून गेला होता. पुढे १६६० मध्ये राजेशाही परतली, पेपिसला नौदलाच्या कचेरीत मोठी जागा मिळाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला एका मेजवानीत शाळेतला जुना सोबती भेटला, ख्रिसमस आडनावाचा. 'तू लहानपणी पक्का राजविरोधी होतास' हे त्याच्या बरोबर लक्षात! पेपिस रोजनिशीत लिहितो की हा आता ते वचनही आठवून बोलून दाखवतो की काय, या भीतीने माझी गाळण उडाली. नंतर कळलं की ख्रिसमस त्या दिवसाच्या आधीच शाळा सोडून गेला होता.

सत्ता बदलल्यावर जुन्या बोलण्याचा साक्षीदार समोर येणं म्हणजे काय, हे इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

---

सांजपाखरू

काय सुंदर विषय काढलात! वाचतेय.

मिल्टनबद्दल भर घालते. तो साधारण १६२० ते १६२५ या शाळेत होता. घर ब्रेड स्ट्रीटवर, शाळेपासून अगदी जवळ. बाराव्या वर्षापासून मध्यरात्रीआधी अभ्यास सोडून झोपल्याचं क्वचितच घडलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. डोळे जायची सुरुवात तिथूनच झाली अशी त्याची समजूत होती. १६५२ पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. 'पॅराडाइज लॉस्ट' हे महाकाव्य त्यानंतर सांगून लिहवून घेतलं, ते १६६७ मध्ये छापलं गेलं.

त्याचा जिवलग वर्गमित्र चार्ल्स डिओडाटी. इटालियन वंशाच्या डॉक्टरांचा मुलगा, स्वतःही वैद्यकाकडे वळलेला. १६३८ मध्ये मिल्टन इटलीत फिरत असताना डिओडाटी इकडे लंडनला वारला. मिल्टनने परत आल्यावर त्याच्यासाठी लॅटिनमध्ये शोककाव्य लिहिलं. प्रवासात पाहिलेलं सगळं कुणाला सांगायचं म्हणून मनात साठवून आणलं होतं, तोच उरला नाही, ही वेदना त्यात आहे. इंग्लंडमध्ये परतलेल्या माणसाने मित्राशी शाळेत शिकलेल्या भाषेतच बोलावं, हे मला फार आतून पटतं.

आणि तुमच्या पेपिसशी त्याचा धागा जुळतो. ज्या शिरच्छेदाला पेपिस गर्दीत उभा होता, त्याचं समर्थन करणारं लेखन मिल्टनने केलं आणि त्याच वर्षी तो नव्या सरकारचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळू लागला. राजेशाही परतल्यावर त्याला लपून राहावं लागलं, काही काळ कैदही झाली. एक लपून वाचला, एक जुळवून घेऊन वर चढला.

---

तारांगण

हॅलेवर मी बोलणारच! शाळेत असतानाच त्याला आकाशाचं वेड. १६७१ मध्ये शाळेचा कॅप्टन झाला. ऑक्सफर्डला गेला, पण पदवी पुरी न करता १६७६ मध्ये, वयाच्या विशीत, थेट सेंट हेलेना बेटावर दक्षिणेचं आकाश मोजायला निघून गेला आणि ३४१ ताऱ्यांची यादी घेऊन परतला. वडिलांनी त्याला पैसा पुरवला.

वर्गमित्र म्हणता येणार नाही, कारण पेपिस त्याच्यापेक्षा २३ वर्षांनी मोठा. पण शाळा एकच, आणि ते दोघे एका पुस्तकाभोवती एकत्र येतात. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया'. न्यूटनला ते लिहायला लावलं हॅलेने. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेची तिजोरी तेव्हा माशांच्या इतिहासावरचा एक महागडा ग्रंथ छापून रिकामी झालेली. मग छपाईचा खर्च हॅलेने स्वतःच्या खिशातून केला, मुद्रितं तपासली, मध्येच रुसलेल्या न्यूटनची समजूत काढली. आणि सोसायटीचा अध्यक्ष म्हणून ५ जुलै १६८६ ची परवानगी आहे ती पेपिसची, मुखपृष्ठावर त्याचं नाव ठळक छापलेलं आहे. पुस्तक निघालं १६८७ मध्ये. शिंप्याच्या मुलाची परवानगी आणि साबणवाल्याच्या मुलाचा पैसा!

धूमकेतू १७५८ मध्ये परत येईल असं हॅलेने सांगितलं आणि १७४२ मध्ये तो गेला. १७५८ च्या नाताळच्या रात्री जर्मनीतल्या एका शेतकऱ्याला, योहान पालिट्झ्श त्याचं नाव, तो दिसला. स्वतःला बघायला मिळणार नाही हे माहीत असताना हॅलेने इतकं नेमकं सांगून ठेवलं, याला छाती लागते.

---

बोरूबहाद्दर

माहिती छान आहे, पण मनापासून विचारतो. ही शेवटी साहेबांची शाळा. तिथून बाहेर पडलेल्यांनी जगावर राज्य केलं, त्यात आपणही भरडले गेलो. त्या शाळेचं कौतुक आपण मराठीत का करायचं?

---

अक्षरवेल्हाळ

@बोरूबहाद्दर, प्रश्न रास्त आहे. त्या शाळेतून न्यायाधीश जेफ्रीजही गेला. १६८५ च्या बंडानंतर त्याने इतक्या लोकांना फासावर चढवलं की त्या खटल्यांना रक्तरंजित हेच नाव पडलं. तो शेवटी टॉवरमध्ये कैदेत मेला. म्हणजे शाळेने सगळे सज्जनच घडवले असं माझं म्हणणं मुळीच नाही.

पण त्याच बाकांवर थॉमस क्लार्कसन बसला होता. १७७५ पासून सेंट पॉल्स, मग केंब्रिज. तिथे १७८५ मध्ये लॅटिन निबंधाची स्पर्धा होती. विषय असा: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? त्याने लिहायला घेतलं ते बक्षिसासाठी. वाचत गेला तसा हादरला. बक्षीस मिळालं. लंडनला घोड्यावरून जाताना हर्टफर्डशरमध्ये वेड्समिलजवळ तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला बसला, आणि त्याच्या मनात आलं की निबंधात लिहिलंय ते जर खरं असेल तर कुणीतरी हे थांबवायला हवं. मग पुढची जवळजवळ सगळी हयात त्यात गेली. १७८७ मध्ये बारा जणांची समिती झाली, त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. क्लार्कसन बंदरांतून हिंडला, खलाशांच्या साक्षी घेतल्या, बेड्या आणि अंगठे चिरडायचे स्क्रू दुकानांतून विकत घेतले. लोकांना दाखवायला सोबत एक पेटी ठेवायचा, त्यात आफ्रिकेतलं विणलेलं कापड, मसाले, लाकूड. हे लोक काय काय बनवतात ते पाहा, यांच्याशी व्यापार करा, यांचा व्यापार करू नका, असं त्याचं म्हणणं. ती पेटी आजही त्याच्या गावच्या, विस्बेचच्या संग्रहालयात आहे. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला.

शाळेतल्या निबंधलेखनाच्या सवयीतून असं काही निघू शकतं, म्हणून मला हे मराठीत सांगावंसं वाटतं.

---

गडकोट

बोरूबहाद्दरांच्या प्रश्नावर माझ्याकडे थेट मराठ्यांच्या इतिहासातलं उत्तर आहे.

फिलिप फ्रान्सिस हा सेंट पॉल्सचा विद्यार्थी. त्याचा शाळासोबती हेन्री सॅम्प्सन वुडफॉल, पुढे 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या वर्तमानपत्राचा छापणारा. १७६९ पासून तीन वर्षं त्या पत्रात 'ज्युनिअस' या टोपणनावाने मंत्र्यांवर आणि खुद्द राजावर जळजळीत पत्रं आली. वुडफॉलवर खटला झाला. ज्युनिअस म्हणजे फ्रान्सिस असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर एक शाळासोबती लिहीत होता, दुसरा छापून कोर्टात उभा राहत होता.

तो फ्रान्सिस १७७४ मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलात सभासद म्हणून आला आणि पहिल्या दिवसापासून दोघांचं हाडवैर. १७७९ च्या जानेवारीत वडगावला महादजी शिंद्यांनी इंग्रजांना शरणागती पत्करायला लावली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच वेळी कलकत्त्यात काय चाललं होतं ते पुस्तकात नसतं. मराठ्यांशी युद्ध वाढवायला फ्रान्सिसचा विरोध होता. शेवटी १७८० मध्ये त्याने युद्धाच्या बाबतीत आडवं न येण्याचं कबूल केलं, असं हेस्टिंग्जचं म्हणणं. फ्रान्सिस म्हणे, मी नव्या मोहिमांबद्दल असं काही कबूल केलं नव्हतं. शिंद्यांच्या मुलखात फौज घालण्यावरून पुन्हा जुंपली. हेस्टिंग्जने कौन्सिलच्या कागदावर लिहिलं की या माणसाच्या शब्दाला ना सत्य आहे ना इभ्रत. फ्रान्सिसने द्वंद्वाचं आव्हान दिलं. १७ ऑगस्ट १७८०, पहाटे, अलीपूर. फ्रान्सिसला गोळी लागली, जगला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला इंग्रजांच्या पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता.

फ्रान्सिस इंग्लंडला परतला आणि हेस्टिंग्जवरच्या महाभियोगासाठी खासदार एडमंड बर्कला सगळा दारूगोळा पुरवला. तो मराठ्यांचा मित्र होता असं मी म्हणणार नाही, त्याला हेस्टिंग्जचा काटा काढायचा होता. पण आपल्या युद्धावरून गव्हर्नर जनरल आणि त्याचा सहकारी एकमेकांवर पिस्तुलं रोखतात, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला सांगितली पाहिजे.

---

सांजपाखरू

@गडकोट, हे मला अजिबात माहीत नव्हतं. यावर स्वतंत्र लेख लिहाच.

---

कृष्णाकाठ

अरविंदांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. माझ्यासाठी या शाळेची सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

वडील डॉ. कृष्णधन घोष यांनी १८७९ मध्ये तिन्ही मुलांना इंग्लंडला ठेवलं, त्यांच्यावर देशी वळण अजिबात पडू नये म्हणून. अरविंद तेव्हा सात वर्षांचे. आधी मँचेस्टर, मग १८८४ मध्ये सेंट पॉल्स. शाळा त्याच वर्षी हॅमरस्मिथच्या नव्या इमारतीत गेली होती. मुख्याध्यापक वॉकर यांनी या मुलाची हुशारी ओळखली, ग्रीकची तयारी स्वतः करून घेतली आणि भराभर वरच्या वर्गांत चढवलं.

बाहेर मात्र हाल. वडिलांचे पैसे वेळेवर येईनात. भाऊ साउथ केन्सिंग्टनच्या लिबरल क्लबच्या वरच्या खोलीत राहायचे. थोरले विनयभूषण तिथेच आठवड्याला पाच शिलिंगांवर मदतनीस. थंडीत ओव्हरकोट नाही, खोलीत शेगडी नाही. वर्षभर सकाळी पाव-लोण्याचे एकदोन तुकडे आणि चहा, संध्याकाळी एक पेनीचं सॉसेज, एवढंच जेवण. बक्षिसं मिळवणारा मुलगा हे खाऊन शाळेत जात होता. मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची वर्षाला ८० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. १८९० मध्ये आयसीएसच्या परीक्षेत अकरावा नंबर. आणि घोडेस्वारीच्या चाचणीला ते गेलेच नाहीत.

इथून गोष्ट आपल्याकडे वळते. सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. क्लबचे सेक्रेटरी जेम्स कॉटन यांनी भेट घालून दिली, २०० रुपये पगार ठरला. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद अपोलो बंदरावर उतरले. पाय टेकताच एक अफाट शांती अंगात उतरली, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांचं जहाज बुडाल्याची खोटी बातमी ऐकून वडील त्याआधीच गेले होते.

बडोद्यात १९०६ पर्यंत. मराठी आणि गुजराती इकडे आल्यावर शिकले, संस्कृत आणि बंगालीही इथेच पक्क्या केल्या. केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईत 'इंदुप्रकाश' पत्राचं काम पाहत होते, त्यांच्या आग्रहावरून १८९३-९४ मध्ये काँग्रेसच्या मवाळपणावर लेखमाला लिहिली. ती इतकी जहाल की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं. आणि १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर बडोद्यात ज्यांनी त्यांना तीन दिवस ध्यानाला बसवलं ते विष्णू भास्कर लेले, मराठी माणूस. इंग्लंडच्या उत्तम शाळेने ग्रीक-लॅटिन दिलं, पण मन रिकामं कसं करायचं ते लेल्यांनी शिकवलं. हे लिहिताना मला खरंच अभिमान वाटतो.

---

अक्षरवेल्हाळ

@कृष्णाकाठ, फार सुरेख. मधल्या भावाची गोष्ट जोडतो.

मनमोहन घोषही सेंट पॉल्समध्ये. तिथे त्यांची मैत्री झाली लॉरेन्स बिन्यनशी. हे बिन्यन पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य चित्रांचे जाणकार झाले, आणि १९१४ मध्ये युद्धात पडलेल्यांसाठी त्यांनी लिहिलेली कविता आजही इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात म्हटली जाते. १८९० मध्ये दोघांनी आणखी दोन मित्रांबरोबर कवितांचं एक छोटं पुस्तक ऑक्सफर्डहून काढलं. ऑस्कर वाइल्डने त्याचं परीक्षण लिहिलं, मनमोहन यांची दखल आवर्जून घेतली. मग मनमोहन परतले, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. इंग्लंड मनातून गेलं नाही, इथे पूर्ण रुजले नाहीत. १९२४ मध्ये गेले. दोन वर्षांनी त्यांच्या कवितांचा संग्रह इंग्लंडमध्ये निघाला, त्याला प्रस्तावना बिन्यनची. शाळेतल्या मैत्रीला जवळजवळ चाळीस वर्षांनी दिलेला हा शब्द. या धाग्यातली ही मैत्री मला सगळ्यात जवळची.

त्याच काळात शाळेत पुढे लेखक झालेले जी. के. चेस्टरटन होते, अभ्यासात यथातथा, पण मित्रांसोबत वादविवाद मंडळ चालवणारे. १९०९ च्या सप्टेंबरात त्यांनी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये लिहिलं की हिंदी राष्ट्रवाद्यांच्या मागण्यांत हिंदी असं फारसं काही नाही. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांना तो लेख इतका पटला की त्यातला मजकूर त्यांनी आपल्या वर्तमानपत्रासाठी गुजरातीत उतरवला. दोन महिन्यांनी परतीच्या जहाजावर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. एकाच शाळेतला एक मुलगा राष्ट्रवादाचा पुढारी झाला, आणि दुसऱ्याच्या टीकेने गांधीजींना विचारात पाडलं.

---

शुक्रतारा

सगळे मुलगेच का, असं विचारणार होते, पण उत्तर माहीत आहे. मुलींची सेंट पॉल्स १९०४ साली निघाली, कोलेटनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. संगीतकार होल्स्ट तिथे शिकवायचे. डीएनएचा क्ष-किरण फोटो जिच्या प्रयोगशाळेतून आला ती रोझलिंड फ्रँकलिन तिथलीच.

पण मुलांच्या शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव इथे यायलाच हवं. बेंजामिन जाउएट, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख. आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या तेव्हा हे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा पुरुषांबरोबर बसून द्यायला परवानगी मिळाली. असं करणाऱ्या त्या पहिल्या बाई. पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये, विद्यापीठाने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केल्यावर. तीस वर्षं!

---

गडकोट

माँटगोमेरी राहिला. १९३४ मध्ये तो पलटण घेऊन आपल्या पुण्याच्या छावणीत होता, तिथून क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात शिकवायला गेला.

दुसऱ्या महायुद्धात मुलांना लंडनबाहेर हलवलं होतं. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीची आखणी त्या रिकाम्या शाळेत झाली. १५ मेला तिथल्या सभागृहात राजा, चर्चिल आणि आयझेनहॉवर यांच्यासमोर माँटगोमेरीने नकाशावर सगळी योजना मांडली. बाकीचे सेनाधिकारी मुलांच्या लाकडी बाकांवर. त्याचं ऑफिस होतं मुख्याध्यापकांच्या खोलीत. आठवणींत तो लिहितो की मी शाळेचा प्रीफेक्ट होतो, रग्बी-क्रिकेटच्या पहिल्या संघांत होतो, तरी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, त्यासाठी सरसेनापती व्हावं लागलं.

---

माणगंगा

युद्धानंतरचं एक त्रिकूट. ऑलिव्हर सॅक्स, जोनाथन मिलर, एरिक कॉर्न. जीवशास्त्राच्या सिड पास्क सरांनी तिघांना वेड लावलं. सुट्टीत समुद्रकिनारी त्यांनी कटलफिश (माकुळासारखे समुद्री जीव) गोळा केले आणि बरण्यांत भरून, टिकावेत म्हणून थोडं अल्कोहोल घालून, राहत्या घराच्या तळघरात ठेवले. अल्कोहोल कमी पडलं. काही दिवसांनी खालून दबके धडाके ऐकू आले. बरण्या फुटल्या होत्या, सडलेल्या कटलफिशचा वास घरभर. वासावर उतारा म्हणून शिंपडलेल्या नारळाच्या अर्काने तो आणखी भयंकर झाला.

सॅक्स पुढे मेंदूचे डॉक्टर. झोपेच्या आजाराच्या साथीनंतर वर्षानुवर्षं गोठून बसलेल्या रुग्णांबद्दल त्यांनी १९७३ मध्ये लिहिलं, आणि रुग्णाची कहाणी म्हणजे काय हे जगाला कळलं. मिलरही डॉक्टर झाले, पण रंगभूमीकडे आणि ऑपेराकडे वळले.

---

तारांगण

आणि तिसरा? कॉर्नचं काय झालं?

---

माणगंगा

प्राणिशास्त्र शिकून कॉर्न जुन्या दुर्मीळ पुस्तकांचे व्यापारी झाले, त्यातही डार्विनच्या पुस्तकांचे खास जाणकार. स्तंभलेखनही करायचे, रेडिओवरच्या कोड्यांच्या कार्यक्रमात असायचे. सॅक्स न्यू यॉर्कला गेले तरी तिघांची दोस्ती म्हातारपणापर्यंत टिकली. त्यांतला दुसऱ्यांचं बोलणं मन लावून ऐकणारा सॅक्स, तोच पुढे रुग्णांच्या खाटेशी तासन्‌तास बसला.